जिन्याखालच्या कपाटात

त्याचं खरं नाव कुणी विचारलं तर त्याच्या बायकोलासुद्धा क्षणभर थांबावं लागायचं. सगळे त्याला शिडी म्हणत. कापडाच्या गोदामात तो पहिल्यांदा कामाला लागला तेव्हा सगळ्यात वरच्या फळीवरचे तागे नुसता हात लांब करून काढायचा. मालकाने आठवडाभर ते पाहिलं आणि गोदामातली लाकडी शिडी मोडीत काढली. तिचं नाव मात्र मागे राहिलं, ते याला चिकटलं. उंच माणसाची अक्कल गुडघ्यात असते, हे त्याला लहानपणापासून इतक्या जणांनी ऐकवलं होतं, की तो स्वतःही आपल्या गुडघ्यांकडे जरा आदरानेच बघायचा. लग्नाच्या फोटोत फोटोवाल्याने बायकोला डोक्यापासून पायापर्यंत नीट घेतलं होतं आणि याला पायापासून फक्त हनुवटीपर्यंत.

सिनेमात तो शिरला तो पोशाखवाल्या मावशीमुळे. ती कुणाचीच सख्खी मावशी नव्हती. सिनेमासाठी राक्षस, भुतं, अस्वलं, जे काही अंगावर चढवायचं असेल ते शिवायची, म्हणून सगळ्यांची मावशी. जाड कापड घ्यायला ती गोदामात आली, आणि तागा काढणाऱ्या या माणसाकडे खालपासून वरपर्यंत बघत राहिली. एवढं वर बघायला तिला जरा वेळ लागला.

‘उकाडा सोसतो का रे तुला?’ तिने विचारलं.

‘सोसतो की.’

‘आणि तास न् तास गप्प उभं राहता येतं?’

‘मी गप्पच असतो, मावशी.’

झालं. तेव्हापासून शिडी कधी विहिरीतलं भूत झाला, कधी जंगलातला नरभक्षक, एकदा तर चालतं-फिरतं झाड. रबराचा आणि स्पंजाचा पोशाख पाठीकडून चेनने बंद करायचा, वर डोकं बसवायचं, आणि राक्षसाच्या गळ्याशी ठेवलेल्या दोन फटींतून जेवढं दिसेल तेवढ्या जगात वावरायचं. पाणी प्यायचं तर नळीने. खाज सुटली तर सुटली. मावशी म्हणायची, असा सोशिक माणूस तिने पाहिला नाही.

एवढं सगळं होऊन शिडीला कुणी घाबरत मात्र नव्हतं. विहिरीतलं भूत बाहेर आलं तेव्हा थिएटरात पोरं खदखदून हसली. शिडी मागच्या रांगेत बसला होता. शेजारी बायको. ती बसस्टँडवर तिकीट खिडकीवर बसायची, दिवसभर तऱ्हेतऱ्हेची माणसं बघायची, तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही.

‘चाल तुमचीच आहे ना ती,’ घरी येताना ती म्हणाली. ‘भूत कसलं, दूध आणायला निघालेला माणूस वाटतो.’

शिडीही हसला. पण ते त्याला लागलं. माणूस कितीही साधा असो, जे काम तो करतो ते आपल्याला एकदा तरी बरं जमावं, असं त्याला वाटतंच. आयुष्यात एकदा तरी लोकांनी आपल्याला बघून श्वास रोखावा, अशी एक इच्छा त्याच्या पोटात कुठेतरी बसून होती. ती त्याने बायकोलाही सांगितली नव्हती. राक्षसाचं काम करणाऱ्याने अशी इच्छा बोलून दाखवणं त्याला हास्यास्पद वाटायचं.

मग तो सिनेमा आला.

गोष्ट साधीच होती. एक कुटुंब नव्या घरात राहायला येतं. आई-बाप सामान लावण्यात गुंतलेले, आणि त्यांच्या लहान मुलीच्या लक्षात येतं, की या घराच्या भिंतींच्या आत कुणीतरी आधीपासूनच राहतंय. ते ‘भिंतवाले’. मोठ्यांना ते दिसत नाहीत. मुलगी सांगते, कुणाला खरं वाटत नाही, आणि शेवटी तिला एकटीलाच त्यांना तोंड द्यावं लागतं. छोटे भिंतवाले काठ्यांवर हलवायच्या बाहुल्या होत्या. त्यांच्यातला थोरला मात्र माणसाने अंगावर चढवायचा होता. मावशीने शिडीचं माप न घेताच कापड कापायला घेतलं.

एका जुन्या गोदामात ते घर उभं केलं होतं. प्रत्येक खोलीला तीनच भिंती, चौथ्या बाजूला कॅमेरा, दिवे आणि माणसं. जिना वर जायचा आणि तिथेच संपायचा. जिन्याखाली एक कपाट होतं, त्याला मात्र खरं दार होतं आणि बाहेरून खरी कडी.

मुलीचं काम करायला जी पोरगी आली, तिला सगळे मिरी म्हणू लागले. दिसायला एवढीशी, पण बोलायला लागली की झोंबायची. दूरदेशी गेलेल्या बापाचं फारसं काही कळत नव्हतं, म्हणून तिची आई एकटीच सगळं बघायची. ती एका इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरींना इस्त्री करायची. मिरीबरोबर यायचं म्हणून तिने रजा घेतली होती, आणि शूटिंगच्या जागी खुर्चीच्या अगदी टोकावर बसायची. कुणी हाक मारली तर लगेच उठता यावं, अशी.

पहिल्याच दिवशी मिरीने शिडीला पोशाख चढवताना पाहिलं. मावशी पाठीमागून चेन ओढत होती, थोरल्या भिंतवाल्याचं डोकं टेबलावर पडलं होतं, आणि त्या हिरवट, सुरकुतलेल्या धडावर शिडीचा घामेजलेला साधा चेहरा.

‘काका, तू आत आहेस होय,’ मिरी म्हणाली. ‘मग डोकं घातल्यावरही तूच असतोस का?’

‘मीच असतो.’

‘श्वास कुठून घेतोस?’

त्याने डोकं चढवून गळ्याच्या फटी दाखवल्या. मिरीने त्यातून बोट घालून त्याच्या नाकाला लावून पाहिलं आणि तिची खात्री पटली. त्यानंतर ती त्याच्या मागेच लागली. दुपारच्या सुट्टीत तो अर्धा राक्षस होऊन बाकावर बसायचा आणि ती शेजारी पाय हलवत बसायची. डोकं घातलेलं असलं, तरी गळ्याच्या फटीतून बिस्किटाचे तुकडे आत सारायची. अर्धे त्याच्या तोंडात जायचे, अर्धे पोशाखात. मावशी रात्री पोशाख उलटा करून झटकायची तेव्हा भुगा पडायचा आणि ती म्हणायची, ‘राक्षस आहे का कोंबडा.’

एकदा मिरीच्या आईने शिडीला बाजूला घेतलं. ‘भाऊ,’ ती म्हणाली, ‘मला यातलं काही कळत नाही. सगळे मोठमोठ्याने बोलतात, वायरी ओढतात. तुम्ही आहात म्हणून मला जरा धीर आहे. तिच्याकडे लक्ष ठेवा.’

‘ठेवतो की, ताई,’ शिडी म्हणाला. त्याला ते आवडलं. गोदामातला माणूस तो, कुणी असं काही विश्वासाने सोपवलं नव्हतं त्याच्यावर.

अडचण एकच होती. मिरी त्याला घाबरत नव्हती. भिंत फोडून थोरला बाहेर आला, की तिने किंचाळायचं होतं. ती किंचाळायची, पण डोळ्यांत हसू. साहेबाने, म्हणजे दिग्दर्शकाने, आधी समजावलं, मग चॉकलेट देऊ केलं, मग सांगितलं की तुझ्या आवडीची एखादी वस्तू हरवली असं मनात आण. मिरीने वस्तू मनात आणली आणि रडली, पण ते रडणं हरवलेल्या वस्तूसाठीचंच दिसत होतं. भीती काही येईना.

साहेब वाईट माणूस नव्हता. निदान शिडीला तसं कधी वाटलं नव्हतं. तो सगळ्यांशी हळू बोलायचा. त्या दिवशीही त्याने शिडीला हळूच दिव्यांच्या मागे नेलं.

‘शेवटचा प्रसंग राहिलाय, कपाटाचा,’ तो म्हणाला. ‘तो नाही जमला तर सगळा सिनेमा पाण्यात. मी काय करणार आहे, ऐक. तिला सांगू की ही नुसती तालीम आहे. कपाटात जाऊन बसायचं, बाहेरून कडी लावणार, एवढंच. तू आधीपासून आत असशील. कॅमेरा मागच्या भोकातून चालू असेल. तिला माहीत नसेल.’

‘ती मला ओळखेल, साहेब.’

‘ओळखू दे. तू फक्त बोलू नकोस. ती काहीही म्हणो, हूं की चूं करायचं नाही.’

साहेबाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. वर हात पोचावा म्हणून त्याला टाचा उचलाव्या लागल्या.

‘शिडी, राग मानू नकोस. आजवर तुला बघून लोक हसलेत. हा एक प्रसंग असा होऊ दे, की कुणी हसणार नाही. आणि पोरीला काय, घटकाभर रडेल, मग तुझ्याच मांडीवर येऊन बसेल.’

‘तिची आई?’

‘तिला आपण चहाला पाठवू.’

शिडीला नाही म्हणता आलं असतं. पुढे त्याने स्वतःला निरनिराळ्या सबबी सांगून पाहिल्या. आपण हुकमाचे ताबेदार, आपल्या जागी दुसरा कुणीही असता, लेकराच्याच नावाचा बोलबाला होणार होता. एकही सबब टिकली नाही. खरं एवढंच होतं, की ‘हसणार नाही’ हे शब्द ऐकताच त्याच्या पोटातली ती जुनी इच्छा उठून बसली होती.

मावशीने चेन ओढताना विचारलं, ‘तालमीला पुरा पोशाख कशाला?’ शिडीने उत्तर दिलं नाही. तिनेही पुन्हा विचारलं नाही.

कपाटात काळोख होता आणि नव्या रंगाचा वास. शिडी कोपऱ्यात दुमडून बसला. बाहेर साहेबाचा आवाज आला, मिरीच्या आईला कुणीतरी आर्जवाने चहाला नेलं, मग दार उघडलं, मिरी आत आली, दार लागलं. कडी सरकल्याचा आवाज.

ती काही वेळ गुणगुणत बसली. मग तिला श्वास ऐकू आला असावा. ती थांबली.

‘काका?’

शिडी गप्प.

‘शिडीकाका, तूच आहेस ना?’ ती हसली. ‘मला माहितीये तूच आहेस. रबराचा वास येतोय.’

ठरल्याप्रमाणे शिडीने हात पुढे केला आणि लांब बोटं तिच्या खांद्यावर ठेवली. ती अजूनही हसत होती, पण आता जरा सावध.

‘काका, बोल ना. बोल ना रे. मस्करी नको करूस.’

त्याने तोंड तिच्या जवळ आणलं. मागच्या भोकातून येणाऱ्या तिरप्या उजेडात त्याला फटीतून तिचा चेहरा दिसला. त्या चेहऱ्यावर काय झालं ते त्याने अगदी जवळून पाहिलं. ती राक्षसाला घाबरली नव्हती. रोजचा हा पोशाख, रोजचं हे डोकं. पण आत तिचा काका असता तर तो बोलला असता. तो बोलत नाही, म्हणजे आत तो नाही. आणि आत तो नाही, तर मग हे कोण आहे, असं तिच्या मनात आलं, आणि ती किंचाळली.

तशी किंचाळी शिडीने आधी कधी ऐकली नव्हती. ती दारावर धडका मारू लागली, नखांनी दार ओरबाडू लागली, आणि ओरडू लागली, ‘शिडीकाका, मला सोडव. काका, लवकर ये, इथे कुणीतरी आहे.’

तो तिच्यापासून वीतभर अंतरावर होता, आणि ती त्यालाच हाका मारत होती.

त्या वेळी शिडीच्या मनात एक शब्द आला. तो शब्द त्याने पुढे कधीही, कुणालाही सांगितला नाही, बायकोलाही नाही. तो शब्द होता, ‘जमलं.’

क्षणभरच. मग त्याला पायाशी ओल लागली, पोरीला कपड्यातच झालं होतं. तेवढ्यात कडी निघाली. बाहेर लोक टाळ्या वाजवत होते. साहेबाचे डोळे भरून आले होते. कुणीतरी मिरीला टॉवेलात गुंडाळलं. शिडीने कपाटाबाहेर रांगत येऊन डोकं उपसून काढलं आणि म्हणाला, ‘मिरी, अगं मीच आहे.’ तिने त्याच्याकडे पाहिलं आणि मावशीच्या कमरेला मिठी मारून तोंड लपवलं.

आई धावत आली. कप तिच्या हातातच होता. ‘काय झालं?’ तिने विचारलं, आणि साहेबाला नाही, तर शिडीला विचारलं.

‘काही नाही, ताई,’ शिडी म्हणाला. ‘कॅमेऱ्यासाठी रडलीय. फार छान काम केलं तिने.’

हे बोलताना राक्षसाचं डोकं त्याच्या काखेत होतं.

उरलेल्या दिवसांत मिरीचं काम थोडंच होतं. ती येऊन आपलं करून जायची. बाकावर कुणी बसलं नाही, पोशाखातून भुगा निघाला नाही. शिडी एकदा पोशाखातच बिस्किटाचा पुडा घेऊन तिच्याजवळ गेला, तर ती उठून आईच्या पलीकडे जाऊन बसली. आईने कसनुसं हसून म्हटलं, ‘थकलीय ती, भाऊ.’

सिनेमा तुफान चालला. लोकांनी पुन्हा पुन्हा पाहिला. कपाटाचा प्रसंग आला, की थिएटरात म्हणे टाचणी पडली तरी ऐकू यायची. शिडीचं नाव पहिल्यांदाच पडद्यावर आलं, खरं नाव. शेजारी घरी येऊन अभिनंदन करून गेले. गोदामाच्या जुन्या मालकाने ओळखीच्यांना सांगायला सुरुवात केली, की हा माझ्या हाताखाली तयार झाला.

शिडी बायकोबरोबर बघायला गेला. तो प्रसंग आला तसं सगळं थिएटर श्वास रोखून बसलं. कुणीही हसलं नाही. आयुष्यभर हवं होतं ते हेच. पडद्यावर मिरी दारावर धडका मारत होती आणि ‘बाबा, बाबा’ असं ओरडत होती. तो आवाज मागाहून भरलेला होता, दुसऱ्याच कुठल्यातरी मुलीचा. मिरीचे ओठ मात्र तसेच होते. शिडीला ते ओठ वाचता येत होते. सगळ्या थिएटरात फक्त त्यालाच कळत होतं की ती कुणाला हाका मारतेय.

तो उठून बाहेर गेला. बायको मागोमाग आली. तो प्रसाधनगृहाच्या बाहेर भिंतीला टेकून उभा होता, आणि समोरच्या पोस्टरवर थोरला भिंतवाला होता, तशाच वाकलेल्या खांद्यांचा.

‘ते खरं होतं ना?’ बायकोने विचारलं. ‘पोर खरोखर घाबरली होती.’

त्याने सांगितलं. तो एक शब्द सोडून सगळं.

शेवटी बायको म्हणाली, ‘तिने बोल ना म्हटलं, तेव्हा बोलायला काय झालं होतं तुम्हाला? नुसतं हं म्हटलं असतं तरी चाललं असतं.’

‘बोलू नको म्हणाले होते.’

‘कोण म्हणालं होतं ते नाही विचारलं मी.’

घरी जाईपर्यंत ती बसमध्ये खिडकीबाहेर बघत राहिली. त्या दिवसापासून ती त्याला लागेल असं काही बोलली नाही. पण चालीवरून, उंचीवरून जी गंमत करायची तीही बंद झाली. त्याचं शिडीला जास्त वाईट वाटलं. लोक अभिनंदन करायला आले, की तो चोरासारखा मान खाली घालायचा, आणि लोक म्हणायचे, बघा किती नम्र माणूस.

मावशीकडून पत्ता घेऊन तो एका सुट्टीच्या सकाळी मिरीच्या घरी गेला. मिळालेल्या पैशांतून त्या दोघींनी जरा बरी जागा घेतली होती. नवीन इमारत, मोठ्या खिडक्या, पायऱ्यांना अजून चुन्याचे डाग. मिरीच्या आईने दार उघडलं, त्याला ओळखलं, आणि आत घेतलं.

आत पाऊल टाकताच त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय ते लवकर कळेना. मग दिसलं. घरात कपाटांना दारं नव्हती. भिंतीतल्या कपाटाचं दार बिजागरीसकट काढून गॅलरीत उभं करून ठेवलं होतं, कपडे सगळे उघड्यावर. ओट्याखालची दारं काढली होती, डबे दिसत होते. न्हाणीघराचं दार बंद होऊ नये म्हणून त्याला दोरीने हुकाशी बांधलं होतं. पलंगाखालची जागा खोक्यांनी ठासून भरली होती, मुंगी शिरायला वाव नव्हता.

‘बसा,’ मिरीची आई म्हणाली. ‘तिला बंद काही चालत नाही. नव्या घराची किती हौस होती तिला. आता म्हणते जुनं बरं होतं, तिथे कपाटच नव्हतं.’

शिडी बसला नाही. उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. कपाटात काय झालं, तिला चहाला कशाला पाठवलं होतं, आणि नंतर आपण तिच्या तोंडावर कसं खोटं बोललो.

ती ऐकत होती, हाताने टेबलावरच्या कापडाच्या सुरकुत्या काढत होती. ती तिच्या हाताची सवयच असावी.

‘मला माहीत होतं,’ ती म्हणाली. ‘नंतर नव्हे. तेव्हाच. इतक्या दिवसांत मला कुणी पाणी विचारलं नव्हतं, आणि त्या दिवशी दोघं-दोघं आर्जवं करतायत, ताई चहा घ्या चहा घ्या. मी काय एवढी दुधखुळी आहे? काहीतरी आहे हे कळलं मला. पण म्हटलं, शिडीभाऊ आहेत तिथे. आणि या घराचंही डोक्यात होतं. म्हणून गेले.’ तिने हात थांबवला. ‘तुम्हाला एकट्याला बोलून मी कुठे सुटणार आहे.’

शिव्या खायची तयारी करून आला होता तो. त्याला वाटलं होतं, ती ओरडेल, आपण पाया पडू, आणि मनावरचं काही उतरेल. तसं काही झालं नाही.

तेवढ्यात मिरी खालून खेळून आली. दारातच थांबली. ती उंच झाली होती जरा.

‘मिरी,’ शिडी म्हणाला, आणि तिच्या डोळ्यांच्या पातळीवर यावं म्हणून खाली जमिनीवर बसला. ‘तुला सांगायला आलोय. त्या कपाटात दुसरं कुणी नव्हतं. मीच होतो. भिंतवाला बिंतवाला काही नसतं. तुला घाबरायचं कारण नाही.’

मिरीने आईकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

‘तू होतास?’

‘हो.’

‘सगळा वेळ?’

‘हो.’

‘मी हाका मारत होते ते तुला ऐकू येत होतं?’

शिडीला वाटलं, आपल्याला आता जमीन गिळेल तर बरं. ‘येत होतं,’ तो म्हणाला.

मिरी विचार करत होती. तिच्या चेहऱ्यावरून ते एकेक पाऊल पुढे चालल्यासारखं दिसत होतं. आणि तेव्हा कुठे शिडीच्या ध्यानात आलं, की इतके दिवस तिने आपल्या काकाला दोष दिलाच नव्हता. तिच्या लेखी आत दुसरंच कुणीतरी होतं, आणि काका बिचारा बाहेर कुठेतरी होता, त्याला ऐकू गेलं नसेल. सेटवर ती दूर सरायची ती त्या पोशाखाला भिऊन, आत कोण निघेल याचा भरवसा नव्हता म्हणून. आता त्याने स्वतःच्या तोंडाने येऊन तिचा राक्षस काढून घेतला होता, आणि त्याच्याबरोबर काकाही.

‘मग बोलला का नाहीस?’ तिने विचारलं.

‘बोलू नको असं सांगितलं होतं मला.’

‘पण तू तर मोठा आहेस ना,’ मिरी म्हणाली.

ती रागावून म्हणाली नव्हती. तिला खरोखरच समजत नव्हतं. तिला जे सांगतील ते तिला करावं लागे, कारण ती लहान होती. पण तो तर सगळ्यांत मोठा होता, छताला हात लागणारा.

‘हो,’ शिडी म्हणाला. ‘मोठा आहे.’

ती आत गेली. आईने दारापर्यंत येऊन एवढंच म्हटलं, ‘बरं केलंत सांगितलंत. पण पुन्हा येऊ नका, भाऊ. तिला वाटलं तर मी कळवीन.’

तो पायऱ्या उतरला. खाली पोरं खेळत होती. एकाने त्याच्या उंचीकडे बघून दुसऱ्याला कोपर मारलं. एरवी शिडी अशा वेळी वाकून मुजरा करायचा आणि पोरांना हसवायचा. तो तसाच पुढे गेला.

वर्षभराने साहेबाने त्याला बोलावलं. सिनेमाचा दुसरा भाग काढायचा होता, नवं घर, नवं लेकरू, थोरला मात्र तोच. शिडी नाही म्हणाला. साहेबाने कारण विचारलं तेव्हा त्याला ते नीट सांगता आलं नाही, पाठदुखीचं काहीतरी पुटपुटला. साहेब हळू आवाजात म्हणाला, ‘उंच माणसं काय, बाजारात पुष्कळ मिळतात.’ मिळालाही एक, बास्केटबॉल खेळणारा.

तिथे गोष्ट संपली असती. पण शिडीला चैन पडेना. शूटिंग सुरू झाल्याचं मावशीकडून कळलं, तसा एक दिवस तो त्या गोदामापाशी जाऊन उभा राहिला. दरवान ओळखीचा, त्याने आत सोडलं. तीन भिंतींच्या नव्या खोल्या उभ्या होत्या. एका खुर्चीवर एक माणूस बसला होता, मांडीवर लहान मुलाचा स्वेटर. नव्या लेकराचा बाप असणार. शिडी त्याच्याजवळ गेला.

‘एक सांगायचं होतं,’ तो म्हणाला. ‘तुम्हाला कुणी चहाला बोलावलं तर जाऊ नका. इथून हलूच नका.’

बापाने वर, बरंच वर पाहिलं. ‘का हो? तुम्ही कोण?’

आजूबाजूला दिवेवाले होते, वायरी ओढणारी माणसं होती, मावशी सुईत दोरा ओवत होती. सगळ्यांना ऐकू जाईल असं होतं ते. शिडीला वाटलं, सांगू काहीतरी थाप, म्हणू की मी जुना कामगार. त्याचे कान तापले.

‘मागच्या सिनेमात आत मी होतो,’ तो म्हणाला. ‘त्या पोरीला आम्ही खरोखर कोंडलं होतं. ते काम नव्हतं तिचं. ती मला हाका मारत होती आणि मी ओ दिली नाही.’

वायरी ओढणारा एकजण थबकला. मावशीने मान वर केली नाही, पण तिचा दोराही सुईत गेला नाही. त्या बापाच्या चेहऱ्यावर आधी शंका आली, मग किळस. ती किळस शिडीने पाहिली. घरच्यांनी, शेजाऱ्यांनी, मालकाने, कुणीही आजवर त्याच्याकडे तसं पाहिलं नव्हतं, आणि त्याला वाटलं, हे बरोबर आहे, इतके दिवस हेच यायचं राहिलं होतं. बापाने स्वेटर उचलला, खुर्ची उचलली, आणि थेट कॅमेऱ्याच्या शेजारी नेऊन ठेवली. साहेब लांबून बघत होता. शिडीला बाहेर काढण्यात आलं, तेही हळू आवाजातच.

त्यानंतर त्याला सिनेमाचं काम मिळालं नाही. तो पुन्हा कापडाच्या गोदामात लागला. मालकाने आता शिडी घेतली होती, लोखंडी, तरी वरचे तागे तोच काढतो. गिऱ्हाइकांपैकी कुणी ओळखलं आणि विचारलं, की काय हो, त्या पोशाखात कसं वाटतं, तर म्हणतो, ‘उकडतं फार,’ आणि कापड उलगडायला घेतो. बायकोने शूटिंगच्या जागी घडलेलं सगळं मावशीच्या तोंडून ऐकलं. त्या रविवारी जेवायला वाढताना ती त्याला म्हणाली, ‘त्या बापाला सांगायला गेलात तेव्हाही दूध आणायला निघाल्यासारखेच चालला असाल.’ खूप दिवसांनी तिने चालीवरून काढलं होतं.

मिरीचं म्हणाल तर तिने पुन्हा सिनेमात काम केलं नाही. तिच्या आईने मावशीला सांगितलं, की ओट्याखालची दारं लावली, भिंतीतल्या कपाटाचं अजून राहिलंय. एकदा बाजारात शिडीला ती दिसली, शाळेच्या मैत्रिणींबरोबर, भाजीच्या गाड्यापाशी. तो गर्दीत लपू शकत नाही, ही त्याची जन्माची अडचण. तिने त्याला पाहिलं. ती हसली नाही. तोंडही फिरवलं नाही. नजर खाली घातली ती त्यानेच, आणि ती मैत्रिणींबरोबर रस्ता ओलांडून जाईपर्यंत तो टोमॅटो निवडत राहिला.